एका चाकाला दोन माणसं

गावात त्याला सगळे डावा म्हणत. पाण्याच्या टाकीखालचं व्हॉल्व्हचं लोखंडी चाक फिरवताना तो डाव्या बाजूला उभा राही. हे त्याने आपल्या मनाने ठरवलेलं नव्हतं, शांतता करारात तसं कलम होतं. काठावरच्या समाजाचा प्रतिनिधी चाकाच्या डाव्या अंगाला आणि टेकडीवरच्या समाजाचा प्रतिनिधी उजव्या अंगाला उभा राहील, आणि दोघं मिळून चाक फिरवतील. करार करायला राजधानीहून आलेली माणसं मोठी हुशार होती. झेंडा, शाळेची पुस्तकं, पोलिसांची भरती हे सगळं त्यांनी पुढच्या बैठकीवर ढकललं आणि चाकाचं तेवढं तडकाफडकी निकालात काढलं. पुढची बैठक अजून व्हायची आहे.

टेकडीवरचे आणि काठावरचे यांच्यातला फरक बाहेरून आलेल्या माणसाला कळत नसे. गावातल्या माणसाला तो पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळे. नेमका फरक कशात आहे असं विचारलं, तर दोन्हीकडचे सांगत की ते सांगून कळण्यातलं नाही. या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही समाजांचं संपूर्ण एकमत होतं.

चाक हलकं होतं. एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने फिरवावं इतकं हलकं. दोघांनी धरलं की कोपराला कोपर लागे, पायावर पाय पडे आणि काम दुप्पट वेळ चाले. नोकरीच्या सुरुवातीला दोघं एकमेकांशी बोलत नसत. डावा यायचा, उजवा यायचा, चाक फिरायचं, पाणी सुटायचं, आणि मग दोघं बाकाच्या दोन टोकांना बसून दोन दिशांना बघत. पहिलं वाक्य कोण बोललं याबद्दल पुढे दोघांत वाद होता. वाक्य कुठलं याबद्दल नव्हता. ते होतं, "सरक जरा."

सरकल्यावर मधे जागा झाली, तिथे पत्ते आले. मग डबे आले. टाकीच्या एका जोडातून पाणी ठिबकत असे. ते दुरुस्त करा म्हणून दोघांनी मिळून खात्याला कळवलं होतं आणि खात्याने नोंद घेतली होती. नोंद घेतल्यावर खातं ज्या वेगाने हलतं तो ओळखून दोघांनी तिथे टोमॅटो लावले. टोमॅटो छान येत. डाव्याचं एकंदर आयुष्यच छान चाललं होतं. सकाळी हवेशीर जागेवर काम, दुपारी पत्ते, संध्याकाळी बायकोची बोलणी आणि त्यावर झोप. त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझं बरं चाललंय. पण आपल्याला कुणी काही विचारावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

एक गोष्ट मात्र तो बोलत नसे. दंगलीच्या त्या उन्हाळ्यात गावाचं पाणी बंद झालं होतं. नदीकाठच्या पंपघरातून पाणी टेकडीवरच्या टाकीत चढायचं आणि टाकीतून टेकडीवरच्या घरांना मिळायचं, आणि चाक फिरवलं की खाली काठावर उतरायचं. काठावरचे म्हणत, टेकडीवाल्यांनी चाक आवळलं. टेकडीवरचे म्हणत, काठावाल्यांनी पंप बंद पाडला. सरकारी निवेदन म्हणत होतं, समाजकंटकांनी पाणी तोडलं. समाजकंटक म्हणजे पलीकडचे, हे दोन्हीकडे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. काठावर लोकांनी नदीचं पाणी प्यायला सुरुवात केली. डाव्याला आईच्या मागे त्याच्या आत्याने वाढवलं होतं. ती जुन्या उशीच्या अभ्र्यातून पाणी गाळायची, उकळायची आणि पोरांना द्यायची. सरपण थोडं होतं, म्हणून स्वतः तसंच प्यायची. हे घरात कळलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती आणि मग लवकरच गेली. त्याच दिवसांत टेकडीवर उजव्याच्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान पेटलं. विझवायला पाणी नव्हतं.

दोन्ही समाज दरवर्षी सरकारला निवेदन देत. सरकार दोन्ही निवेदनांवर 'एकतर्फी' असा शेरा मारून ती निकाली काढी. याला गावात समतोल म्हणत.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी पाणीखात्याचा शिपाई टेकडी चढून आला आणि धापा टाकत म्हणाला, "अभिनंदन. तुमच्यात विश्वास निर्माण झालाय."

"कुणी सांगितलं?" उजव्याने विचारलं.

"सरकारने जाहीर केलंय. सगळ्या देशात झालाय. आता जिथं जिथं एका कामाला दोन माणसं आहेत तिथं समिती येणार, बघणार, आणि विश्वास दिसला की एक जागा कमी करणार."

"आणि नाही दिसला तर?"

"तर आहे तसं चालू राहणार," शिपाई म्हणाला आणि एक टोमॅटो तोडून घेऊन निघून गेला.

डावा घरी गेला तो तोंड पाडूनच. बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती काठावरच्या शाळेत मुलांचं जेवण करायची, त्यामुळे कुठल्याही संकटात तिचा आवाज आपोआप चढा लागे.

"मग भांडा ना! सगळ्या देशाला जमतं, तुम्हा दोघांनाच तेवढं जमत नाही?"

"जमेल की."

"कधी भांडलायत?"

डाव्याने आठवून पाहिलं. पत्त्यांवरून एकदा झालं होतं, पण त्यात दोष पत्त्यांचा होता.

"उद्या त्यांना इकडे घेऊन या," बायको म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी उजवा आला. त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग बायकोने पदर खोचून फर्मावलं, "हं, करा सुरू. तुम्ही आधी."

डाव्याने घसा साफ केला. "तुम्ही टेकडीवाल्यांनी आमचं पाणी तोडलंत."

"हो, ते वाईटच झालं," उजवा म्हणाला.

"अहो भाऊजी! असं काय करता? उलट बोला, आवाज चढवा!"

"कसा चढवू, वहिनी? चहा तुमचाच पितोय."

तिने चहा काढून घेतला. तरी जमेना. आपापली गाऱ्हाणी दोघांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, की ती म्हणताना दोघांचाही सूर गाडीचं वेळापत्रक वाचल्यासारखा लागे. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "बरं, एकमेकांचं म्हणून बघा. निदान सूर तरी लागेल. भाऊजी, तुम्ही काठावरचे व्हा."

उजवा उठून उभा राहिला. त्याने असा आवाज काढला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. "चाक कुणी आवळलं? सांगा! आमची माणसं नदीचं पाणी प्यायली. एक बाई अभ्र्यातून पाणी गाळून पोरांना उकळून देत होती आणि आपण तसंच पीत होती. ती कशाने गेली? कुणाच्या हुकमाने गेली? नाव सांगा!"

 अभ्र्याचं डाव्याने उजव्याला फक्त एकदा सांगितलं होतं, एका थंडीच्या सकाळी, पाइपाकडे बघत. उजवा तेव्हा पत्ते पिसत होता. तो ऐकतोय असं वाटलंही नव्हतं.

मग डावा उठला आणि टेकडीवरचा होऊन बोलला. रिकामी बादली हातात घेऊन जळत्या दुकानाभोवती फेऱ्या मारणारा म्हातारा, आणि 'बापू, आता खाली ठेवा ती' असं त्याला म्हणणारा मुलगा. पंप कुणी थांबवला, नाव सांगा! बोलता बोलता त्याला घाम फुटला. दोघांनाही एकदम हुशारी आली. बायकोने डोळे पुसून चहा परत दिला आणि म्हणाली, "झकास. आता हेच फक्त उलटं म्हणायचं, झालं."

झालं, असं तिघांनाही वाटलं. उलटं म्हणून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नाही.

समिती आली. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. टेकडी चढून त्यांचे गुडघे बोलत होते, म्हणून आल्या आल्या त्या बाकावर मधोमध बसल्या. त्यांच्यासोबत पाणीखात्याचे साहेब होते. ते चिखल चुकवत बुटांकडे बघत चालत होते. मागे दोन्ही समाजांची मंडळी दोन घोळक्यांत उभी होती. आपला माणूस पलीकडच्याला कसा खडसावतो हे ऐकायला ती आली होती, आणि दोन्ही घोळक्यांना त्याची आगाऊ कल्पना दिलेली होती.

"रोज कसं चालतं ते दाखवा," बाई म्हणाल्या.

दोघांनी चाक धरलं. डाव्याने ठरल्याप्रमाणे मुद्दाम कोपर मारलं. आणि उजव्याच्या तोंडून, घाबरल्यामुळे, जे पाठ होतं तेच बाहेर पडलं.

"चाक कुणी आवळलं? सांगा! काठावरची माणसं नदीचं पाणी प्यायली!"

पहिल्या वाक्यालाच डाव्याच्या लक्षात आलं की गाडी भलत्याच रुळावर गेली. पण उतारावर सुटलेली गाडी थांबवायला आधी ब्रेक कुठे आहे ते माहीत असावं लागतं. त्याला फक्त पुढचं वाक्य माहीत होतं. तो ओरडला, "आणि पंप कुणी थांबवला? टेकडीवरचं दुकान जळत होतं तेव्हा पाणी कुठं होतं? नाव सांगा!"

"ती बाई कुणाच्या हुकमाने गेली? नाव सांगा!"

काठावरच्या घोळक्यात एकाने टाळी वाजवली, आणि आपण टेकडीवाल्यासाठी टाळी वाजवतोय हे कळल्यावर हात तसेच अर्ध्यावर धरून ठेवले. टेकडीवरच्या घोळक्यात एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "हा आपला ना? मग हा कुणाकडून बोलतोय?" डाव्याच्या बायकोने कपाळाला हात लावला होता.

साहेब पुढे झाले. "बाईसाहेब, या दोन्ही तक्रारी जुन्याच आहेत. एकतर्फी म्हणून निकाली काढलेल्या आहेत."

"कुठल्या तर्फेच्या?" बाईंनी विचारलं.

साहेब पुन्हा बुटांकडे बघू लागले.

"चाक आवळल्याचं हा टेकडीवरचा माणूस सांगतोय," बाई शांतपणे म्हणाल्या. "पंप थांबवल्याचं हा काठावरचा सांगतोय. दोघंही पलीकडच्याची बाजू मांडतायत आणि दोघंही विचारतायत की हुकूम कुणाचा होता. हे एकमेकांना तर विचारत नाहीयेत. मग कुणाला विचारतायत?"

टेकडीवर वारा बराच असतो. त्या वेळी तोही पडला होता.

"इथं तिसरं कोण आहे, साहेब?" बाईंनी विचारलं.

तिसरे साहेबच होते. बाईंनी महिनाअखेर शाळेच्या सभागृहात सुनावणी लावली आणि त्यांना उत्तर घेऊन यायला सांगितलं. तोवर दोन्ही जागा होत्या तशाच राहणार होत्या.

साहेब दोन दिवसांनी एकटेच आले. बूट या वेळी चिखलात गेले तरी त्यांनी पाहिलं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"मी तेव्हा शाळेत होतो हो," ते म्हणाले.

"खातंही शाळेत होतं का?" उजव्याने विचारलं.

साहेब ओशाळं हसले. "हे बघा, बाईंना तोंडी एवढंच सांगा, की बोलण्याच्या भरात चुकून बोललो. प्रश्न मिटेल. दोन्ही जागा तुमच्या निवृत्तीपर्यंत कायम. लेखी देतो."

खात्याने आपण होऊन काही लेखी देण्याची ही दोघांच्या नोकरीतली पहिलीच वेळ होती. साहेब खालच्या वाटेवरच्या जीपमध्ये जाऊन बसले, विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

डाव्याला हेच तर हवं होतं. याच्यासाठीच तर तालीम केली होती. हा बाक, हे पत्ते, आणि पलीकडे बसलेला हा खोकणारा माणूस, यापलीकडे त्याने आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता साहेब तेच कायमचं देऊ करत होते.

"तू ठरव," उजवा म्हणाला. "आत्या तुझी."

"आणि दुकान?"

"दुकान लाकडाचं होतं. म्हातारा पुढे बरीच वर्षं जगला. कटकट करत जगला, पण जगला."

डाव्याने बाकावरचे पत्ते गोळा केले. इतकी वर्षं त्याने हुकूम कुणाचा हे कुणालाच विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर शेजारच्या माणसालाच विचारावं लागेल असं त्याला वाटत आलं होतं. आणि शेवटी विचारलं ते शेजारच्या माणसाने. सगळ्या गावासमोर, स्वतःच्या लोकांसमोर, घसा फोडून.

"तू माझ्या आत्याबद्दल विचारलंस," तो म्हणाला. "आता ते चुकून विचारलं म्हणून सांगू?"

"चुकूनच विचारलं की. मला माझं म्हणायचं होतं."

"ते झालं. पण चुकून म्हणून सांगायचं नाही."

"मग जागा जाईल एक."

"जाऊ दे."

"मोठा आलाय जाऊ दे म्हणणारा," उजवा म्हणाला, आणि उठून जीपकडे गेला. काय बोलला ते डाव्याला ऐकू आलं नाही. जीप मात्र लगेच गेली.

सुनावणीला सभागृह भरलं. काठावरचे खिडकीच्या बाजूला आणि टेकडीवरचे दाराच्या बाजूला बसले, मधे वाट सोडून. साहेब उभे राहिले. ते पाणी प्यायले आणि त्यांनी सरळच सांगितलं. पंप आणि चाक, दोन्ही एकाच दिवशी बंद झाले होते. दोन्ही खात्याच्या माणसांनी, खात्याच्या हुकमावरून बंद केले होते. हुकूम राजधानीहून आला होता. अशांत काळात पाण्याचा गैरवापर होऊ नये, असं त्याचं कारण होतं. निवेदनातले समाजकंटक म्हणजे, साहेब जरा अडखळले, म्हणजे आमचाच कर्मचारीवर्ग. याबद्दल खात्याला खेद आहे.

"हुकूम देणारे कुठे असतात?" बाईंनी विचारलं.

"बढती घेऊन निवृत्त झाले. राजधानीतच असतात."

"त्यांनाही बोलवा. खेद त्यांच्याकडूनही ऐकू."

 मग टेकडीवरचा तो म्हातारा उठला. त्याला मनापासून राग आला होता. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही यांच्या लग्नांना गेलो नाही, ते फुकटच?"

"आम्ही बोलावलंही नव्हतं!" खिडकीकडून कुणीतरी ओरडलं.

"बोलावलं असतं तर आलोच नसतो!"

"मग फुकट कसं काय?"

या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली. डावा त्यात नव्हता. तो आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसला होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"टेकडीवाल्यांनी नव्हतं केलं," तो तिला म्हणाला.

"ऐकलं मी. इथंच बसलेय."

"सरपण पुरलं असतं गं, जरा काटकसर केली असती तर. तिलाही उकळून देता आलं असतं. मला वाटायचं, ही चूक घरातली."

 बायकोने फक्त त्याची बाही सारखी केली.

शेवटी जागेचा प्रश्न निघाला. आता विश्वास आहे की नाही, बाईंनी सभागृहाला विचारलं. एकमेकांवर जेमतेम आहे, पण खात्यावर मुळीच नाही, असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. तेव्हा चाकावर माणूस गावातलाच हवा, एक असला तरी चालेल. कुणाला ठेवायचं असं विचारल्यावर टेकडीवरचे म्हणाले, डाव्याला ठेवा, आमचा बसल्या जागी डुलक्या घेतो. काठावरचे म्हणाले, छे, उजव्यालाच ठेवा, आमच्याला वेळेवर उठवायला बायको लागते. दोन्ही समाजांनी पलीकडच्या माणसाची अशी मुक्तकंठाने शिफारस करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

उजव्याने हात वर केला. "मी सुटतो. जावयाने सुतारकामाचं दुकान काढलंय, त्याला रंधा धरता येत नाही. आणि हा दुसरीकडे कुठं खपणार नाही."

सोमवारी डावा एकटाच टेकडी चढला. चाकाच्या डाव्या अंगाला उभा राहिला, मग जरा विचार करून मधोमध उभा राहिला. चाक फिरवलं. कुणाचं कोपर लागलं नाही, कुणी खोकलं नाही, आणि काम इतक्या चटकन उरकलं की उरलेल्या सकाळचं काय करावं हे त्याला समजेना. त्याने टोमॅटोंना काठ्या लावल्या. मग लावलेल्या काठ्या सरळ केल्या.

तेवढ्यात खालून कुणीतरी तणतणत वर येताना दिसलं. अंगावर लाकडाचा भुसा, हातात रिकामी बादली.

"टेकडीवर पाणी थेंब थेंब येतंय," उजवा लांबूनच ओरडला. "काठावाल्यांचं राज्य आलं वाटतं!"

"तक्रार आहे का?"

"आहे!"

"मग खात्यात जा."

"खात्यात जाऊन आलो. ते म्हणाले, चाकावरच्या माणसाला विचारा. विचारतोय. सगळं काठावर का सोडलंस?"

"मोजून सोडलंय. तुझ्या नळाची जाळी तुंबली असेल."

"जाळी स्वच्छ आहे."

"तुझी बायको तसं म्हणत नाही."

"माझ्या बायकोला मधे आणू नकोस हां!"

आवाज चांगलेच चढले. खालच्या वाटेने जाणारे दोघे-तिघे थांबले आणि समितीला कळवावं का म्हणून आपसांत बोलू लागले. डावा म्हणाला, शंभर वेळा सांगून तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. उजवा म्हणाला, एकट्याच्या हातात चाक दिलं की माणूस असाच माजतो. डाव्याने बादली हिसकावून घेतली, टाकीच्या तोटीखाली धरून काठोकाठ भरली आणि त्याच्यासमोर दाणकन ठेवली.

"हे घे तुझं पाणी. आणि जा आता, जावई वाट बघत असेल."

"जाईन माझ्या सवडीने," उजवा म्हणाला, आणि बाकाच्या आपल्या टोकाला बसला. "पत्ते काढ. पाण्याचं मी सोडलेलं नाही, एवढं लक्षात ठेव."

"ठेवलंय," डावा म्हणाला. "पिस."